ऑपरेशन पायाचं, धोका किडनीला

मराठी विभागासाठी "काहीतरी अभ्यासपूर्ण दे" असं मॅडमनी सांगितलं, तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं होतं. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. चिमूरला घरी झाडीबोली, शाळेत इंग्रजी, आणि पुस्तकातलं मराठी या दोन्हींच्या मधे कुठेतरी राहून गेलं. पण मागच्या वर्षी आमच्या घरात एक गोष्ट घडली आणि तेव्हापासून मी एका विषयावर बरंच वाचलं. मेकॅनिकलच्या मुलीने किडनीवर लिहावं हे जरा विचित्र वाटेल. पण पंप, पाइप, व्हॉल्व आणि फिल्टर हे सगळं त्यात आहे, तेव्हा विषय अगदीच आपल्या सिलॅबसबाहेरचा नाही. भाषेत चुका असतील तर समजून घ्या. आणि हो, मी डॉक्टर नाही. हा लेख वाचून कोणी कोणाची गोळी परस्पर बंद किंवा सुरू करू नये.

आबाजींचा पाय

माझे आबाजी, म्हणजे वडिलांचे वडील, सत्तर वर्षांचे. चिमूरजवळच्या खेड्यात आमची धानाची शेती आहे. वजन जेमतेम ४८ किलो. चाळीस वर्षं बिडी, शिवाय खर्रा. शुगर आणि बीपी गेली दहा वर्षं. दोन वर्षांपूर्वी त्यांना चालताना पोटरी दुखायला लागली. बांधावरून शंभर पावलं गेले की थांबायचे, दोन मिनिटं उभं राहिलं की दुखणं जायचं, पुन्हा शंभर पावलं. घरात सगळ्यांना वाटलं, वय झालं. मग अंगठ्याला धानाचा खुंट लागला आणि ती जखम दोन महिने भरलीच नाही. अंगठा काळा पडायला लागला तेव्हा बाबा त्यांना नागपूरला घेऊन गेले. चिमूरहून नागपूर शंभरेक किलोमीटर. सुट्टी होती म्हणून मी सोबत होते.

तपासणीत कळलं की मांडीतली मुख्य धमनी जवळजवळ बंद झाली आहे. आपल्या फ्लुइड मेकॅनिक्सच्या पेपरात एक सूत्र हमखास येतं: पाइपमधला प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. त्रिज्या अर्धी झाली तर प्रवाह सोळावा हिस्सा उरतो. रक्त हे पाण्यासारखं साधं द्रव नाही आणि धमनी म्हणजे लोखंडी नळी नाही, त्यामुळे आकडा तंतोतंत लागू होत नाही. पण अंगठा काळा का पडला हे मला तेव्हा पहिल्यांदा नीट समजलं. डॉक्टरांनी बायपास सांगितला. आबाजींच्याच पायातली एक शीर काढून बंद धमनीच्या वरून खाली जोडायची, म्हणजे रस्ता बंद असला की आपण वळणरस्ता काढतो तसं.

ऑपरेशन छान झालं. पाय गरम झाला, रंग परत आला. आम्ही पेढे आणले. आणि दुसऱ्या दिवशी लघवी कमी व्हायला लागली. क्रिएटिनिन १.३ होतं, ते २.१ झालं, चौथ्या दिवशी ३.०. डॉक्टर डायलिसिसबद्दल बोलायला लागले. बाबा कॉरिडॉरमध्ये नुसते येरझारा घालत होते. ऑपरेशन पायाचं झालं, मग किडनी कुठून आली मधे? हा प्रश्न मलाही पडला होता. या लेखात त्याचंच उत्तर आहे.

तीनशे ग्रॅमची गाळणी

आपल्या दोन्ही किडन्यांचं वजन मिळून साधारण तीनशे ग्रॅम. शरीराच्या वजनाच्या अर्धा टक्कासुद्धा नाही. पण हृदयातून दर मिनिटाला जे पाचेक लिटर रक्त निघतं, त्यातलं एक लिटरच्या आसपास, म्हणजे पाचवा हिस्सा, या दोघींकडे जातं. प्रत्येक किडनीत सुमारे दहा लाख बारीक गाळण्या असतात, त्यांना नेफ्रॉन म्हणतात. त्या सगळ्या मिळून दिवसाला १८० लिटर पाणी गाळतात आणि त्यातलं ९९ टक्के परत रक्तात घेतात. उरलेलं दीड-दोन लिटर म्हणजे लघवी.

गाळायला दाब लागतो हे आपल्याला माहीत आहे. दाब कमी झाला की फिल्टर चालत नाही, जास्त झाला की फिल्टर खराब होतो. म्हणून प्रत्येक गाळणीच्या आधी एक आणि नंतर एक अशा दोन अगदी बारीक धमन्या असतात. त्यांना आपण इनलेट व्हॉल्व आणि आउटलेट व्हॉल्व म्हणू. रक्तदाब घसरला की शरीर इनलेट जास्त उघडतं आणि आउटलेट थोडा आवळतं, म्हणजे गाळणीतला दाब टिकून राहतो. कोणत्याही इंजिनिअरने आदर्श म्हणून दाखवावी अशी ही कंट्रोल सिस्टिम आहे.

किडनीचा आतला भाग मात्र नेहमीच कमी ऑक्सिजनवर काम करत असतो. तिथे काम भरपूर आणि पुरवठा बेताचा. त्यामुळे रक्तपुरवठा थोडा वेळ जरी कमी पडला तरी पहिला फटका तिथे बसतो.

आता रक्तवाहिन्यांच्या ऑपरेशनमध्ये नेमकं काय होतं? पाइपलाइनचं काम करायचं तर मेन व्हॉल्व बंद करावा लागतो. इथेही धमनी चिमट्याने बंद करून मग जोड टाकतात. पायाच्या बायपासमध्ये चिमटा खाली असतो. पण पोटातली महाधमनी फुग्यासारखी फुगली असेल आणि तिचं उघडं ऑपरेशन असेल, तर चिमटा किडनीच्या धमन्यांच्या अगदी जवळ, कधीकधी त्यांच्याही वर लावावा लागतो. वर लावला तर तितका वेळ किडनीला रक्त जवळजवळ मिळतच नाही. जितकी मिनिटं जास्त, तितका धोका जास्त. खाली लावला तरी किडनीकडे जाणारा प्रवाह कमी होतोच.

या शस्त्रक्रियेचा इतिहासही वाचण्यासारखा आहे. १९५१ साली पॅरिसमध्ये शार्ल द्यूबोस्त यांनी फुगलेली महाधमनी कापून तिथे दुसरी धमनी जोडली. १९५० च्या दशकात अमेरिकेत ह्यूस्टनच्या मायकेल डिबेकी यांनी डेक्रॉनच्या कापडाच्या नळ्या शिवल्या, त्याही घरातल्या शिलाई मशीनवर. आणि १९९० मध्ये अर्जेंटिनाच्या हुआन पारोदी यांनी पोट न उघडता, जांघेतल्या धमनीतून नळी आत सरकवून हे काम केलं. त्यात चिमटा लागत नाही, पण एक्स-रेमध्ये रस्ता दिसावा म्हणून औषधी रंग, ज्याला दवाखान्यात 'डाय' म्हणतात, तो रक्तात सोडावा लागतो. आणि त्या डायचा भारही काही रुग्णांत किडनीवरच येतो.

१.३ चं कोडं

नागपूरला पहिल्या रिपोर्टवर क्रिएटिनिन १.३ लिहिलं होतं. मी म्हटलं, बरं आहे, नॉर्मलच्या काठावर आहे. माझी इथे मोठी चूक झाली, आणि तीच चूक आपल्यापैकी बहुतेक जण करतील म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

क्रिएटिनिन हा स्नायूंतून रोज तयार होणारा कचरा. किडनी तो बाहेर टाकते. किडनी कमी काम करायला लागली की रक्तात तो वाढतो. पण ज्याचे स्नायूच कमी, त्याचा कचराही कमी. म्हणजे बारीक, म्हाताऱ्या माणसाची किडनी बरीच खराब झाली तरी आकडा साधाच दिसू शकतो. १९७६ मध्ये कॉक्रॉफ्ट आणि गॉल्ट या दोघांनी एक सोपं सूत्र दिलं. १४० मधून वय वजा करा, त्याला वजनाने गुणा, आणि ७२ गुणिले क्रिएटिनिनने भागा. उत्तर येतं ते दर मिनिटाला किती मिलिलिटर रक्त साफ होतं याचा अंदाज. स्त्रियांसाठी त्याला ०.८५ ने गुणतात. आता यापेक्षा नवी सूत्रंही वापरतात, पण हे पेनाने करता येतं.

आपल्या हॉस्टेलचा वीस वर्षांचा, ६५ किलोचा मुलगा घ्या. क्रिएटिनिन १.३. उत्तर येतं ८३. ठीक आहे.

आता आबाजी. वय ७०, वजन ४८, क्रिएटिनिन तेच १.३. उत्तर येतं ३६.

रिपोर्टवर आकडा एकच, पण एका माणसाकडे ८३ आणि दुसऱ्याकडे ३६! स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्समध्ये आपण फॅक्टर ऑफ सेफ्टी शिकतो. तुळई तिच्या रोजच्या वजनापेक्षा कितीतरी जास्त वजन पेलू शकते, म्हणून एक दिवस गर्दी झाली तरी ती मोडत नाही. किडनीचंही तसंच आहे. निरोगी माणूस एक किडनी दान करून व्यवस्थित जगतो, इतकं राखीव बळ असतं. आबाजींचं हे राखीव बळ ऑपरेशनच्या आधीच संपत आलं होतं आणि कागदावर ते दिसत नव्हतं. डॉक्टरांना ते माहीत होतं, त्यांनी आम्हाला सांगितलंही होतं. आम्हाला ऐकू आलं ते फक्त "नॉर्मलच्या जवळ".

ऑपरेशनच्या आधीच किडनी कमजोर असणं, हा नंतरच्या किडनीच्या त्रासाचा सगळ्यात मोठा धोका मानला जातो.

आधीपासूनचे धोके

बाकीचे धोके एकेक करून बघू. वय जास्त, मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयाची कमजोरी, रक्त कमी असणं, हे सगळीकडे सारखेच. गंमत अशी की ज्या कारणांनी पायाची धमनी बंद होते, त्याच कारणांनी किडनीच्या बारीक धमन्याही खराब होतात. तंबाखू, शुगर, बीपी. म्हणजे ज्या माणसाला बायपास लागतो, त्याची किडनी बहुधा आधीच थकलेली असते. बिडीचा तेंदूपत्ता आपल्याच जंगलातून जातो आणि खर्रा तर आपल्याकडे पाहुणचारासारखा पुढे केला जातो. त्यामुळे हे वाक्य मी आपल्या भागासाठी जरा जोरात लिहिते आहे. गडचिरोलीत २०१६ पासून 'मुक्तिपथ' या नावाने दारू आणि तंबाखू कमी करण्याचा कार्यक्रम झाला, तो उगीच नाही.

पण चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या माणसाचे काही धोके खास आहेत, आणि शहरातल्या डॉक्टरांना ते आपण सांगितल्याशिवाय कळतीलच असं नाही.

सिकलसेल: मध्य भारतातल्या सिकलसेलवर नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी १९५८ मध्येच लिहिलं होतं. आपल्या भागात कितीतरी घरांत हा दोष आहे. किडनीच्या आतल्या भागात ऑक्सिजन कमी आणि मीठ जास्त, आणि नेमक्या अशाच जागी या लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि अडकतात. त्यामुळे किडनी हळूहळू दुबळी होते. ऑपरेशनच्या वेळी पाणी कमी पडणं, थंडी लागणं, ऑक्सिजन कमी होणं या गोष्टी अशा रुग्णाला जास्त महाग पडतात. २०२३ मध्ये केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली. ज्यांनी अजून तपासणी केली नाही त्यांनी करून घ्यावी.

साप आणि मलेरिया: घोणस चावली तर विषामुळे किडनी बंद पडू शकते. फॅल्सिपॅरम जातीच्या जबर मलेरियानेही तसं होतं. माणूस वाचतो, घरी येतो, धान कापायला लागतो, आणि सगळे विसरून जातात. किडनी मात्र पूर्वीइतकी दमदार राहिलेली असेलच असं नाही. "पंधरा वर्षांपूर्वी साप चावला होता आणि लघवी बंद झाली होती" हे वाक्य पायाच्या डॉक्टरला सांगायला हवं.

ऊन: मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५ च्या वर जातो. तेंदूपत्ता तोडून, किंवा नुसता दिवसभर बसचा प्रवास करून माणूस दवाखान्यात पोचतो तोच कोरडा पडलेला. टाकीत पाणी कमी असताना पंप सुरू करू नये, हे आपल्याला वर्कशॉपमध्ये पहिल्याच आठवड्यात सांगतात.

आणि घाई: वेळ घेऊन, तपासण्या करून केलेलं ऑपरेशन आणि धमनी फुटल्यावर रात्री दोन वाजता केलेलं ऑपरेशन यात किडनीच्या धोक्यात फार मोठा फरक आहे. पोटरी दुखते तेव्हाच दाखवलं असतं तर आबाजींकडे वेळ होता.

टोंगळ्याची गोळी

आता ती गोष्ट, जिच्यासाठी मी हा लेख लिहायला बसले.

ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी विचारलं, "बाबा, कोणकोणती औषधं चालू आहेत?" आबाजी म्हणाले, "शुगरची अन बीपीची." डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, शुगरची एक गोळी बंद ठेवली, बीपीची कधी घ्यायची ते सांगितलं. मी तिथेच उभी होते.

चौथ्या दिवशी, क्रिएटिनिन ३ झालं त्या दिवशी, चादर बदलताना सिस्टरांना उशीखाली खर्ऱ्याची पन्नी सापडली. आत खर्रा नव्हता. डायक्लोफिनॅकच्या गोळ्या होत्या. सिस्टर रागावल्या. आबाजींना कळेचना की चुकलं काय. म्हणाले, "बाई, हे तं टोंगळ्याची गोळी होय. ऑपरेशन पायाचं झालं, टोंगळा तं दुखतेच ना."

"मंग डॉक्टरले काहून नाही सांगतलं?"

"त्यायनं औषध पुसलं. हे का औषध होय?"

आबाजी खोटं बोलले नव्हते. त्यांच्या हिशेबात औषध म्हणजे डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलेलं. टोंगळ्याची गोळी म्हणजे चहासारखी, किराण्यासारखी गोष्ट. सकाळ-संध्याकाळ एक, गेले आठ-नऊ महिने. आणि ती पाकिटं त्यांना आणून देणारी मी होते. दर सुट्टीला घरी जाताना मेडिकलमधून दोन-तीन पाकिटं घ्यायची, आबाजी खूश व्हायचे. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मलाही ती आठवली नाही. मला इंग्रजी येतं, रिपोर्ट वाचता येतो, म्हणून बाबांनी मला सोबत नेलं होतं.

आता या गोळीचं गणित. मघाचे दोन व्हॉल्व आठवा. इनलेट उघडा ठेवायचं काम शरीरातली प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं करतात. वेदना आणि सूज यांतही यांचाच हात असतो. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या ही रसायनं बनणंच थांबवतात. दुखणं कमी होतं, पण अडचणीच्या वेळी इनलेट उघडत नाही. बीपीच्या काही गोळ्या, जशा एनालाप्रिल किंवा रामिप्रिल, आउटलेट सैल करतात. एरवी हेच किडनीला फायद्याचं असतं, विशेषतः मधुमेहात. पण इनलेट आवळलेला, आउटलेट सैल, आणि वरून लघवी वाढवणाऱ्या गोळीने टाकीच रिकामी, अशा तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की गाळणीत दाब उरणार कुठून? या तिहेरी माराबद्दल डॉक्टर लोक नेहमी सावध करतात. त्यात ऑपरेशनचा रक्तस्राव आणि तपासणीचा डाय मिळवा.

या गोळीची आणखी एक गोष्ट आपल्या जंगलाशी जोडलेली आहे. १९९० च्या दशकात भारतातली गिधाडं झपाट्याने नाहीशी झाली. पांढऱ्या पाठीची गिधाडं तर २००७ पर्यंत ९९ टक्क्यांहून जास्त घटली. कारण कोणालाच कळेना. २००४ मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं की गुराढोरांना दिलेलं डायक्लोफिनॅक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जातं आणि त्यांची किडनी बंद पडते. २००६ मध्ये भारत सरकारने जनावरांसाठी या औषधावर बंदी आणली. गडचिरोलीत वनविभागाने गिधाडांसाठी सुरक्षित मांसाची ठिकाणं तयार केली, लोक त्यांना गिधाडांचं उपाहारगृह म्हणतात. २०२४ मध्ये ताडोबात पांढऱ्या पाठीची गिधाडं पुन्हा आणण्यात आली. गिधाडाच्या शरीराला हे औषध पचवता येत नाही, माणसाचं शरीर ते काही तासांत बाहेर टाकतं, तेव्हा दोघांची सरळ तुलना करू नये. चार दिवस दात दुखला आणि डॉक्टरांनी गोळी दिली तर घाबरण्याचं कारण नाही. पण ज्याची किडनी ३६ वर आहे, त्याने नऊ महिने रोज घेणं ही वेगळी गोष्ट आहे.

डॉक्टरांनी मात्र मला स्पष्ट सांगितलं की एकट्या गोळीमुळे हे झालं असं कोणीच म्हणू शकत नाही. वय, शुगर, बिडी, डाय, ऑपरेशन, सगळ्यांनी आपापला भार टाकला. तुळई शेवटच्या विटेने मोडली तरी दोष फक्त त्या विटेचा नसतो. पण ही वीट काढता आली असती, एवढं खरं.

टेबलावर आणि त्यानंतर

ऑपरेशन चालू असताना किडनीला काय काय त्रास देतं? चिमट्याचा वेळ, रक्तस्राव, रक्तदाब घसरणं, ऑपरेशन लांबणं. धमनीच्या भिंतीवर साचलेल्या चरबीचे बारीक कण सुटून किडनीत अडकू शकतात. आणि एक कारण मला फार आश्चर्याचं वाटलं. पाय बराच वेळ रक्ताविना राहिला असेल तर त्यातले स्नायू मरायला लागतात. ऑपरेशनने रक्त पुन्हा सुरू झालं की त्या स्नायूंतलं मायोग्लोबिन रक्तात येतं आणि किडनीच्या नळ्यांत जाऊन बसतं. लघवी काळ्या चहासारखी होते. म्हणजे पाय वाचवणारं रक्तच किडनीवर ओझं घेऊन येतं. १९४१ मध्ये लंडनवरच्या बॉम्बहल्ल्यांत ढिगाऱ्याखाली पाय दबलेले लोक बाहेर काढल्यावर काही दिवसांनी किडनी बंद पडून मरत होते, ते बायवॉटर्स आणि बील या डॉक्टरांनी तेव्हा लिहून ठेवलं.

ऑपरेशननंतरचे धोके म्हणजे जखमेत जंतुसंसर्ग, पुन्हा रक्तदाब घसरणं, किडनीला जड अशी काही प्रतिजैविकं, उदाहरणार्थ जेंटामायसिन आणि अमिकासिन, आणि घरून आलेल्या गोळ्या.

किडनीला इजा झाली हे ठरवायचे नियम २०१२ पासून जगभर सारखे वापरतात. ४८ तासांत क्रिएटिनिन ०.३ ने वाढलं, किंवा सात दिवसांत दीडपट झालं, किंवा सलग सहा तास लघवी दर किलो वजनामागे तासाला अर्ध्या मिलिलिटरहून कमी झाली, तर इजा झाली असं धरतात. ०.३ म्हणजे आपल्याला काहीच वाटत नाही, पण डॉक्टर त्याच आकड्यावर सावध होतात. आबाजींच्या वजनाला हिशेब केला तर तासाला २४ मिलिलिटर, सहा तासांत १४४. चहाच्या एका कपाएवढी. म्हणूनच सिस्टर दर तासाला ती पिशवी बघून लिहून ठेवत होत्या. मला वाटायचं, यांना दुसरं काम नाही का!

जादूचं औषध नाही

मी विचारलं होतं, किडनी वाचवायचं एखादं इंजेक्शन नसतं का? नाही. बरीच वर्षं डॉक्टर डोपामिन हे औषध थोड्या प्रमाणात देत होते, २००० साली ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या मोठ्या अभ्यासात त्याचा फायदा दिसला नाही. डायपासून किडनी वाचावी म्हणून सोडा-बायकार्बचं सलाईन आणि अ‍ॅसिटिलसिस्टीन देत, त्यांवरही सुमारे पाच हजार रुग्णांचा अभ्यास झाला आणि २०१८ मध्ये छापून आला. साध्या सलाईनपेक्षा, किंवा नुसत्या दिखाऊ गोळीपेक्षा, त्यांचा जास्त उपयोग झाला नाही. लघवी वाढवणारी औषधं आकडा बरा दाखवतात, पण इजा टाळत नाहीत.

उपयोग होतो तो साध्या गोष्टींचा. रुग्ण कोरडा पडू न देणं, रक्तदाब सांभाळणं, डाय कमीत कमी वापरणं, डाय आणि ऑपरेशन यांत शक्य असेल तर काही दिवस जाऊ देणं, किडनीला जड औषधं टाळणं, आणि रोज मोजणं. यातल्या बहुतेक गोष्टी डॉक्टरांच्या हातात आहेत. पण घरातल्या गोळ्यांची माहिती फक्त आपल्याच हातात आहे.

सोबत जाणाऱ्यासाठी यादी

आपण हॉस्टेलवर असलो तरी घरी कोणाचं ऑपरेशन निघालं की फोन आपल्यालाच येतो, कारण "पोरगी शिकलेली आहे". तेव्हा ही यादी जवळ असू द्या.

१. "औषधं कोणती" असं विचारू नका. "दुखलं की काय घेता, कुठून आणता" असं विचारा. घरातला गोळ्यांचा डबाच पिशवीत घालून न्या. मळम, काढा, भस्म, वैदूचं औषध, इंजेक्शन, सगळं सांगा.

२. जुने क्रिएटिनिनचे रिपोर्ट न्या. एका आकड्यापेक्षा दोन वर्षांचे चार आकडे जास्त सांगतात. वय आणि वजन सांगून "किडनी किती टक्के चालते" हे डॉक्टरांना सरळ विचारा.

३. सिकलसेल, साप चावणं, जबर मलेरिया, कधी लघवी बंद होणं, आधी झालेलं डायलिसिस, हे कोणी विचारलं नाही तरी सांगा.

४. बीपी आणि शुगरची कोणती गोळी कधी थांबवायची आणि कधी पुन्हा सुरू करायची हे कागदावर लिहून घ्या. मनाने काही करू नका.

५. ऑपरेशनच्या आधी किती पाणी प्यायचं ते विचारा. नंतर "किडनी धुवून निघेल" म्हणून बळजबरीने पाणी पाजू नका. जास्त पाणीही फुप्फुसात आणि हृदयावर जाचतं.

६. लघवी कमी झाली, रंग बदलला, पाय-तोंड सुजलं तर लगेच सिस्टरांना सांगा. रात्र आहे म्हणून थांबू नका.

७. घरी आल्यावर तीन महिन्यांनी किडनीची तपासणी पुन्हा करा. आबाजींना बरं वाटतं म्हणून आम्ही ती टाळणारच होतो.

शेवटी

आबाजींना डायलिसिस लागलं नाही. गोळ्या बंद झाल्या, सलाईन मोजून दिलं, आणि सातव्या दिवसापासून लघवी सुधारली. तीन महिन्यांनी क्रिएटिनिन १.६ वर थांबलं. सूत्रात घालून बघा, ३६ चं २९ झालं. ते सात परत आले नाहीत, बहुधा येणारही नाहीत. डायलिसिस म्हणजे आठवड्यातून तीनदा, दरवेळी चार तास, आणि खेड्यातून जायचं-यायचं वेगळं. त्यातून आम्ही थोडक्यात वाचलो. पाय मात्र चांगला आहे. बिडी सुटली. खर्रा सुटला म्हणतात, पण मला पक्कं माहीत नाही.

टोंगळ्यासाठी आता डॉक्टरांनी दुसरी, किडनीला हलकी अशी गोळी मोजून दिली आहे, शिवाय शेक आणि व्यायाम. दिवाळीला घरी निघाले तेव्हा सवयीने मेडिकलसमोर पाय थांबले होते. मग पुढे गेले आणि आबाजींसाठी लोकरीची गुडघपट्टी घेतली. त्यांनी ती उलटसुलट करून बघितली आणि म्हणाले, "अन गोळी?"

मी म्हटलं, "आबाजी, ते औषध होय. औषध डॉक्टरले पुसून घ्याचं."

ते हसले. मित्रांनो, एवढंच तुमच्या घरीही एकदा विचारून बघा. डबा उघडा, आत काय काय आहे ते वाचा. आपल्याला वाचता येतं, तर तेवढं तरी आपण करावं.

— तृतीय वर्ष, मेकॅनिकल